शिबानी : परक्या देशात म्हातारे झालेल्या कामगारांचा दवाखान्याचा हक्क

मग्रेबच्या अरबी बोलीत ‘शिबानी’ म्हणजे पांढऱ्या केसांचा माणूस. फ्रान्समध्ये हे एका संपूर्ण पिढीचे नाव झाले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७४ पर्यंत मोरोक्को, अल्जेरिया आणि ट्युनिशिया ह्या देशांतून जे तरुण फ्रान्सच्या कोळसा खाणींत, मोटारींच्या कारखान्यांत, रेल्वेच्या रुळांवर आणि बांधकामांवर राबायला गेले, ते म्हातारे झाले आणि शिबानी म्हणून ओळखले जाऊ लागले. वर्षानुवर्षे त्यांच्या पगारातून आजारपणाचा आणि म्हातारपणाचा विमा कापला गेला. काम संपल्यावर मात्र त्यांच्यापुढे जो पर्याय ठेवण्यात आला तो असा : पेन्शन घेऊन गावी बायकामुलांत जा, पण मग इथल्या दवाखान्याचा हक्क विसर. किंवा दवाखान्याचा हक्क ठेव, पण मग मरेपर्यंत इथे एकटा राहा.

हा पर्याय कसा तयार झाला, त्याचा इतिहास ह्या टिपणात मांडावयाचा आहे. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवितो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. आमच्या घरात ‘निवृत्ती’ हा शब्द कधी कुणी वापरला नाही. आमच्या माणसांचे हात थांबले की काम थांबे, आणि काम थांबले की चूल थांबे. त्यामुळे सामाजिक सुरक्षेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कायदा कुणी केला ह्यापेक्षा कायद्याच्या दाराबाहेर कोण उभे राहिले, तिकडे माझे लक्ष आधी गेले. फ्रान्सचे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. वाईट कायद्यात गरीब मरतो ह्यात नवल नाही. चांगल्या कायद्यातून तो कसा वगळला जातो, हे समजून घेणे कार्यकर्त्याला अधिक उपयोगाचे आहे.

१

ह्या इतिहासाची सुरुवात शरीरापासून करावी लागते.

उत्तर फ्रान्सच्या कोळसा खाणींसाठी माणसे निवडण्याचे काम फेलिक्स मोरा ह्या माजी वसाहती लष्करी अधिकाऱ्याकडे होते. तो दक्षिण मोरोक्कोच्या खेड्यापाड्यांत जाई. तरुणांना उघड्या अंगाने रांगेत उभे करण्यात येई. दात, डोळे, छाती, दंड तपासले जात. मग छातीवर शिक्का बसे. हिरवा शिक्का म्हणजे पसंत, लाल म्हणजे नापसंत. १९५० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत सुमारे ७८ हजार माणसे अशी निवडण्यात आली. बैलबाजारात बैलाचे दात पाहतात. बाजारात बैल घेणाराला बैलाच्या म्हातारपणाशी कर्तव्य नसते, ते ह्या निवडीतही नव्हते. सशक्त शरीर काही महिन्यांच्या करारावर आणावयाचे, आणि करार संपला की परत पाठवावयाचे, असा हा हिशेब होता.

पण शरीर आजारी पडते. मग त्याचे काय करावयाचे? पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथे १९३५ मध्ये खास उत्तर आफ्रिकी मुसलमानांसाठी रुग्णालय उघडण्यात आले. दिसायला ही मोठी कणव. परंतु ह्या रुग्णालयाचे नाते पॅरिसमध्ये उत्तर आफ्रिकी लोकांवर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या पोलिसी खात्याशी होते. उपचार आणि पाळत एकाच हाताने चाले. वेगळे रुग्णालय म्हणजे इतर रुग्णालयांत ही माणसे नकोत, हा त्याचा दुसरा अर्थ. वेगळा पाणवठा, वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्वांसाठी खुले झाले आणि १९७८ मध्ये त्याला इब्न सिनाचे, म्हणजे फ्रेंचांच्या अविसेनचे, नाव मिळाले.

फ्रांत्झ फॅनन हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. त्याने १९५२ मध्ये ‘एस्प्री’ ह्या मासिकात उत्तर आफ्रिकी रोग्यांवर एक लेख लिहिला. अंग दुखते म्हणून आलेल्या अरब कामगाराकडे फ्रेंच डॉक्टर आधीच संशयाने पाहतो, हा कामचुकार आहे, ढोंगी आहे असे धरूनच त्याला तपासतो, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे अब्देलमालेक सयाद ह्या अल्जेरियन समाजशास्त्रज्ञाने (१९३३–१९९८) हा विचार मुळापर्यंत नेला. स्थलांतरित माणूस परक्या देशात असतो तो केवळ काम करण्यासाठी. काम हेच त्याच्या असण्याचे कारण. मग आजारी स्थलांतरित आणि म्हातारा स्थलांतरित ही त्या देशाच्या दृष्टीने अडगळ ठरते. सयादची ही मांडणी हाती घेतली की पुढच्या सगळ्या कायद्यांचे कोडे उलगडते.

२

४ आणि १९ ऑक्टोबर १९४५ च्या अध्यादेशांनी फ्रान्समध्ये सामाजिक सुरक्षेची यंत्रणा उभी राहिली. तिची आखणी पिएर लारोक ह्यांची. ती गावोगाव उभी केली कामगार संघटनांनी आणि आंब्रवाझ क्रवाझा ह्या कम्युनिस्ट मजूरमंत्र्याने. क्रवाझा स्वतः लहानपणी कारखान्यात राबलेला. कामगाराने आपल्या कमाईचा भाग द्यावा, मालकानेही द्यावा, आणि त्या निधीतून आजारपण, अपघात, बाळंतपण, म्हातारपण ह्यांची सोय हक्काने व्हावी, हे तत्त्व होते. ही भीक नव्हती. पगाराचाच तो मागे ठेवलेला भाग होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाणकामगारांच्या फुफ्फुसांत धूळ साठून होणाऱ्या सिलिकोसिसला व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता मिळाली.

परदेशी कामगाराच्याही पगारातून हा भाग कापला जाई. वसुलीच्या वेळी कुणी कुणाचे राष्ट्रीयत्व विचारले नाही. ते विचारले गेले देण्याच्या वेळी. ज्यांची पेन्शन अगदी तोकडी आहे अशा वृद्धांना सरकार जो किमान भत्ता देई, तो दीर्घकाळ फ्रेंच नागरिकांसाठी, आणि ज्या देशांशी तसे करार होते त्यांच्या नागरिकांसाठी राखून ठेवलेला होता. ही राष्ट्रीयत्वाची अट १९९८ च्या कायद्याने उठली. म्हणजे व्यवस्था उभी राहिल्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

शिबानींची पेन्शन तोकडी का, हेही पाहिले पाहिजे. फ्रेंच रेल्वेने १९७० च्या दशकात मोरोक्कोतून सुमारे दोन हजार माणसे आणली. काम तेच, रुळ तेच, थंडी तीच. पण रेल्वेकामगाराचा कायम दर्जा राष्ट्रीयत्वाच्या अटीने बांधलेला होता. त्यामुळे हे लोक शेवटपर्यंत कंत्राटी राहिले. बढती नाही, आणि पेन्शन शेजारी उभ्या असलेल्या फ्रेंच सोबत्यापेक्षा कमी. खाणींतल्या मोरोक्कन मजुरांना खाणकामगाराचा पूर्ण दर्जा मिळावा म्हणून १९८० मध्ये संप करावा लागला. बांधकामांवर तर अनेक मालकांनी कामगाराची नोंदच केली नाही. कागद नाही म्हणून वर्षे नाहीत, वर्षे नाहीत म्हणून पेन्शन नाही. हे दुष्टचक्र आपल्याकडच्या कुठल्याही ठेकेदाराच्या मजुराला विचारा. तो आपल्यापेक्षा नीट सांगेल.

३

जुलै १९७४ मध्ये फ्रान्सने परदेशी मजुरांची आयात थांबविली. ह्या निर्णयाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. तोपर्यंत माणूस दोन-तीन वर्षे राबे, गावी जाई, पुन्हा येई, किंवा त्याच्या जागी धाकटा भाऊ येई. दार बंद झाल्यावर जो आत होता तो बाहेर जायला भिऊ लागला. गेलो तर परत येता येणार नाही! काहींनी ह्यानंतर बायकामुलांना तिकडे नेले. ज्यांना ते परवडले नाही, किंवा मोठ्या कुटुंबाला घर मिळणे शक्य नव्हते, ते एकटेच राहिले.

ते राहिले फ्वायेत, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहांत. अल्जेरियन मजुरांची राहण्याची सोय आणि त्यांच्यावर नजर अशा दोन्ही हेतूंनी १९५६ मध्ये जी सरकारी कंपनी निघाली, ती पुढे सोनाकोत्रा म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००७ पासून अदोमा ह्या नावाने ओळखली जाते. तिच्या अनेक वसतिगृहांचे व्यवस्थापक वसाहतीतल्या सैन्यातून आलेले. खोल्या एवढ्या लहान की खाट, कपाट आणि माणूस एवढेच मावे. १९७५ ते १९८० ह्या काळात ह्या वसतिगृहांतल्या कामगारांनी भाडे न देण्याचा लढा चालविला. त्यांच्या काही प्रतिनिधींना १९७६ मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. आज आपण ज्यांना थकलेले म्हातारे म्हणून पाहतो, त्यांनी तरुणपणी हा लढा दिला होता, हे विसरू नये.

१९७७ मध्ये स्तोलेरू ह्या राज्यमंत्र्याने नवी युक्ती काढली. दहा हजार फ्रँक घ्या, कागदपत्रे परत करा आणि आपल्या देशी जा. योजना मनात होती मग्रेबी मजुरांसाठी. पैसे घेऊन गेले ते बहुतांशी स्पॅनिश आणि पोर्तुगीज. मग्रेबी मजुराने हिशेब ओळखला होता. रोख रकमेच्या बदल्यात तो आपला पुढचा सगळा हक्क विकणार होता. पुढे १९८३ मध्ये वंशद्वेषाविरुद्ध आणि समतेसाठी मोठी पदयात्रा निघाली आणि १९८४ मध्ये दहा वर्षांचे निवासी कार्ड आले. त्याने थोडे स्थैर्य मिळाले. परंतु सलग तीन वर्षांहून अधिक काळ फ्रान्सबाहेर राहिल्यास हे कार्ड रद्द होते.

४

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ११ मे १९९८ च्या कायद्याने ‘निवृत्त’ असा शेरा असलेले एक नवे कार्ड काढले. अल्जेरियनांना तसेच कार्ड पुढे २००१ च्या कराराने देण्यात आले. वरवर पाहता ते फार सोयीचे. आपल्या देशी राहा, व्हिसाशिवाय केव्हाही फ्रान्सला या, एका वेळी वर्षभरापर्यंत राहा, पुन्हा जा. दहा वर्षांची मुदत, आपोआप नूतनीकरण. लिहिता-वाचता न येणाऱ्या किंवा जेमतेम येणाऱ्या म्हाताऱ्याला खिडकीवर हे सांगितले की त्याने जुने निवासी कार्ड देऊन नवे घेणे अगदी साहजिक होते.

पण ह्या कार्डाचा धारक कायद्याच्या भाषेत फ्रान्सचा रहिवासी उरला नाही. आजारविम्याचे संरक्षण त्याला मिळणार, पण फ्रान्समध्ये असतानाच. त्यासाठीही १९९८ च्या कायद्याने दोन अटी घातल्या. त्याच्या पेन्शनमागे किमान पंधरा वर्षांचा विमा असला पाहिजे, आणि दुखणे तातडीच्या उपचाराचे असले पाहिजे. ज्याची चौदा वर्षे कागदावर भरली, त्याला काहीच नाही. पेन्शनमधून आजारविम्याची कपात मात्र होत राहिली.

‘तातडीचा उपचार’ ह्या दोन शब्दांकडे नीट पाहा. हात मोडला, ताप चढला, छातीत कळ आली, तर ती तातडी. पण ह्या माणसांची दुखणी कोणती? खाणीतल्या धुळीने भरलेली फुफ्फुसे, ओझ्याने झिजलेले मणके, मधुमेह, कानठळ्या बसविणाऱ्या यंत्रांनी आलेले बहिरेपण. ही हळूहळू मारणारी दुखणी. ह्यांना दर महिन्याला औषध लागते, दर वर्षाला तपासणी लागते. ती तातडीची होतात तेव्हा माणूस विमानात बसण्याच्या अवस्थेत राहिलेला नसतो. म्हणजे ज्या दुखण्यांत फ्रान्सचा वाटा सर्वांत मोठा, तीच दुखणी त्या दोन शब्दांनी बाहेर काढली.

त्याच कायद्याने वृद्धांच्या किमान भत्त्यावरची राष्ट्रीयत्वाची अट उठविली, हे मी वर सांगितलेच. हा भत्ता फ्रान्समध्ये राहणाऱ्यालाच मिळतो. निवृत्तीचे कार्ड घेणारा रहिवासी नाही, म्हणून त्याला भत्ताही नाही. एका कलमाने दार उघडले आणि दुसऱ्या कलमाने उंबरठा उचलून नेला. आणि एकदा दिलेले निवासी कार्ड परत मिळविणे फार अवघड.

देशादेशांतल्या करारांनी काही दिले, हे नाकारता येत नाही. उदाहरणार्थ फ्रान्स–अल्जेरिया यांच्यातील १९८० च्या करारानुसार अल्जेरियात राहणाऱ्या पेन्शनराला तिथल्या यंत्रणेकडून उपचार मिळतात. पण ते तिथल्या कायद्याप्रमाणे आणि तिथल्या दराने. राबला एका देशाच्या दराने, आणि बरा व्हायचा दुसऱ्या देशाच्या दराने, असा हा न्याय आहे.

५

ज्यांनी कार्ड बदलले नाही त्यांचे काय झाले? त्यांना दिवस मोजावे लागले. २०१६ पासून फ्रान्समध्ये आजारविम्याचा आधार दोनच गोष्टी आहेत : काम, किंवा स्थिर आणि कायदेशीर वास्तव्य. काम संपलेल्या माणसाकडे वास्तव्य तेवढे उरते. वर्षातले सहा महिन्यांहून अधिक दिवस फ्रान्सच्या भूमीवर काढले पाहिजेत. किमान भत्त्यासाठीही अशीच अट होती. १ सप्टेंबर २०२३ पासून ती नऊ महिन्यांची झाली.

ह्या मोजदादीचा अर्थ वसतिगृहात जाऊन पाहावा. सत्तरी ओलांडलेला माणूस त्याच लहान खोलीत, गॅसच्या शेगडीवर एकट्यापुरते शिजवून दिवस ढकलतो. गावी बायको म्हातारी झाली आहे. मुले त्याला पाहुणा समजतात. तो दोन-तीन महिने जातो आणि तारीख पाहून परत येतो. २००९ च्या सुमारास तुलूझसारख्या शहरांत वसतिगृहांत तपासण्या झाल्या. पासपोर्टवरचे शिक्के मोजले गेले. दिवस कमी भरले म्हणून जुन्या रकमा परत मागण्यात आल्या. ज्या छातीवर निवडीचा शिक्का बसला, तिच्या म्हातारपणाचा निकालही शिक्क्यांनीच लागला.

आणि गावी राहिलेली बाई? तिने तीस वर्षे शेत पाहिले, सासू-सासरे पाहिले, मुले वाढविली. नवऱ्याच्या वाट्याला आलेली विम्याची अर्धीमुर्धी सावलीही तिच्यापर्यंत क्वचितच पोचली. ह्या इतिहासात तिच्या नावाचा कागदच नाही.

६

सरकारला प्रश्न कळला नव्हता असे नाही. २००७ च्या एका कायद्याने वसतिगृहांतल्या वृद्धांना देशी दीर्घकाळ राहता यावे म्हणून स्वतंत्र मदत मंजूर केली. ती प्रत्यक्षात आली १ जानेवारी २०१६ रोजी. ह्या नऊ वर्षांत ज्यांनी डोळे मिटले त्यांना तिचा काय उपयोग? पुढे २०२१ पासून तिच्या जागी दुसरी योजना आली. तिचा फायदा घेणारेही थोडेच निघाले. २०१५ च्या अखेरीस आणखी एक कायदा झाला. पासष्टी ओलांडलेल्या, पंचवीस वर्षे फ्रान्समध्ये राहिलेल्या परदेशी माणसाला साध्या निवेदनाने नागरिकत्व मागता येईल, पण त्याचे मूल किंवा नातवंड फ्रेंच नागरिक असले पाहिजे. म्हणजे ज्याने बायकामुले तिकडे नेली त्याला वाट मिळाली. जो आयुष्यभर एकटा राहिला, ज्याला गरज सर्वांत जास्त, तो पुन्हा बाहेर.

जे मिळाले ते मुख्यतः भांडून मिळाले. रेल्वेतल्या मोरोक्कन कामगारांनी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. २०१५ मध्ये मजूर न्यायालयाने आणि ३१ जानेवारी २०१८ रोजी पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नोकरीत आणि पेन्शनमध्ये भेदभाव झाला, हे ८४८ जणांच्या बाबतीत मान्य झाले. निकाल लागला तेव्हा त्यांतले कित्येक हयात नव्हते.

७

विद्यार्थी मला विचारतात, सर, ह्याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो केवळ सहानुभूतीचा नाही.

आपल्या पूर्वजांच्या पायांत वतन होते. महार वतनाने माणसाला गावाशी बांधले. बलुते हवे तर गाव सोडायचे नाही, सोडले तर हक्क गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक आणले ते ह्या बेडीविरुद्ध. वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या अधिनियमानंतर. जागेला बांधलेला हक्क हा हक्क नसून दावे असते, हे आपण शिबानींच्या कितीतरी आधी शिकलो आहोत.

फ्रान्सची योजना आकाराला येत होती त्याच वर्षांत, १९४२ ते १९४६, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. बी. पी. अदारकर ह्यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. निवृत्त विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवण्याची सोय पुढे ह्याच योजनेच्या नियमांत झाली. पण तीसाठी पाच वर्षांची विमा-नोकरी दाखवावी लागते. शेतमजूर ह्या कायद्यात कधी आलाच नाही. आणि ठेकेदार बदलला की ज्याची नोंद पुसली जाते, त्या सफाई कामगाराने ती पाच वर्षे कुठून आणावीत? तिकडे पंधरा, इकडे पाच. आकडे वेगळे, गाळणी तीच.

आणखी एक उदाहरण देतो. १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले की एका राज्यात अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तिथे त्याला तो दर्जा आपोआप लागू होत नाही. खटला उद्भवला होता मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशावरून. न्यायालयाच्या बाजूला युक्तिवाद आहे. जातींची स्थिती राज्याराज्यांत वेगळी, आणि स्थानिक मागासांचा वाटा जाऊ नये. तो मी बाजूला सारत नाही. पण अस्पृश्यता काही राज्याच्या सीमेवर तपासणीला थांबत नाही. ती माणसाबरोबर जाते, भाड्याच्या खोलीपर्यंत जाते. हक्क तेवढा मागे राहतो.

म्हणून मला वाटते, आपल्या चळवळीने सामाजिक सुरक्षेची मागणी करताना तिला एक कलम जोडले पाहिजे. हक्क मिळावा एवढे म्हणणे पुरेसे नाही. तो माणसाबरोबर चालला पाहिजे. ठेकेदार बदलला, जिल्हा बदलला, राज्य बदलले, देश बदलला, तरी पगारातून कापलेला पैसा ज्याच्या नावावर जमा झाला, त्याचा उपचार त्याच्या मागे गेला पाहिजे. ऊसतोडीला जाणारा, वीटभट्टीवर जाणारा, आखातात जाणारा आपला माणूस उद्या म्हातारा होणारच आहे. तो कुठे आजारी पडावा हे ठरविण्याचा अधिकार त्याचा असावा. कार्यकर्त्यांनी आजपासून एक साधे काम करावे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक कामगाराच्या हातात त्याच्या नोकरीचा, कपातीचा, विमाक्रमांकाचा कागद आहे की नाही हे पाहावे, आणि नसेल तर तो मागून घ्यावा. शिबानींची चौदा वर्षे पंधरा ठरली नाहीत ती अनेकदा एका हरवलेल्या कागदामुळे.